संमिश्र द्रव्याचा प्रॉपेलर : रचना आणि निगा

विमानाच्या प्रॉपेलरला बोलीत ‘पंखा’ म्हणतात. हे नाव शास्त्राला सोडून आहे असे नाही. घरातील पंखा जसा हवा लोटतो तसाच विमानाचा पंखाही हवा मागे लोटतो, आणि तिच्या प्रतिक्रियेने विमान पुढे जाते. परंतु एका बाबतीत हे नाव फसवे आहे. घरच्या पंख्याचे पाते वाकले तर खडखड वाढते, इतकेच. विमानाच्या पात्याचा तुकडा उडाला तर उरलेल्या पात्यांचा असमतोल इंजिनाला त्याच्या बैठकीवरून उखडून काढू शकतो. प्रॉपेलरच्या रचनेचा व निगेचा विचार ह्या भेदापासून सुरू झाला पाहिजे.

महाराष्ट्रात हा विषय केवळ पुस्तकी राहिलेला नाही. कॅप्टन अमोल यादव ह्यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे प्रायोगिक विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याची चाचणी झाली. अशा विमानाचे एक लक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रादेशिक मार्गांवर उडणाऱ्या एटीआर-७२-६०० ह्या विमानाच्या प्रॉपेलरलाही संमिश्र द्रव्याची सहा पाती असतात. पण तेथे इंजिन आणि प्रॉपेलर ह्यांची जोडी उत्पादकाने कसोटीस लावलेली असते. प्रायोगिक विमानात ती जोडी बहुधा बांधणाराच जुळवतो. साहजिकच तिच्या दोषाचा पहिला भोक्ताही तोच असतो.

पात्यावर येणारा भार किती असतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रॉपेलरचा व्यास १.८ मीटर असून तो मिनिटास २,४०० फेरे घेतो असे समजू. त्याच्या टोकाची गती सेकंदास सुमारे २२६ मीटर, म्हणजे ध्वनिवेगाच्या दोन-तृतीयांश होते. पात्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम आणि गुरुत्वमध्य अक्षापासून ०.४ मीटर अंतरावर असेल, तर ते पाते मुळापासून सुमारे अडीच टनांच्या ओढीने बाहेर खेचले जाते. टोकाचा अवघा एक ग्रॅमचा ढलपा निघाला, तरी सुमारे ५.८ किलोग्रॅम भाराइतका असमतोल सेकंदास ४० वेळा दिशा बदलीत इंजिनाला हिसके देतो. ह्याखेरीज हवेच्या दाबाने पाते पुढे वाकते, केंद्रोत्सारी बलामुळे त्याचा पीळ उलगडू पाहतो, आणि सिलिंडरांतील प्रत्येक स्फोटाबरोबर त्याला कंपनाचा धक्का बसतो.

राइट बंधूंनी १९०३ मध्ये लाकडाचे थर चिकटवून प्रॉपेलर घडविले होते. थर व डिंक ह्यांची ती जोड म्हणजे एका अर्थी संमिश्र द्रव्यच होय. लाकूड कंपन चांगले शोषते, पण ओलाव्याने फुगते. ॲल्युमिनियमची पाती पातळ व काटेकोर करता येतात; परंतु लहानशा ओरखड्यापासून शिणेची भेग वाढत जाते. कार्बन तंतू आणि राळ ह्यांच्या संमिश्राची घनता पाण्याच्या सुमारे १.६ पट, तर ॲल्युमिनियमची २.७ पट असते. पाते हलके झाले की त्याच प्रमाणात मुळावरची ओढही कमी होते.

संमिश्राचे बळ मात्र दिशेवर अवलंबून असते. तंतूच्या लांबीकडे ते पुष्कळ असते आणि आडवे अगदी थोडे. म्हणून पात्याच्या कण्यातील तंतू मुळापासून टोकाकडे सरळ नेतात. ते ओढ व वाक सोसतात. बाहेरच्या कवचातील तंतू अक्षाशी ४५ अंशांत दोन्ही बाजूंस तिरपे घालतात. ते पीळ आवरतात. आतील फेस किंवा हलके लाकूड कवचाला आकार व आधार देते. सर्वांत नाजूक भाग मुळाचा. तेथे तंतूंतील भार धातूच्या तुंब्याकडे सोपवावयाचा असतो. केवळ चिकटवणीवर विसंबण्यापेक्षा तंतूंचा वेढा घालून अथवा मुळाला पाचरीसारखा फुगीर आकार देऊन ते अडकविणे अधिक भरवशाचे ठरते. कार्बन व ॲल्युमिनियम एकमेकांस प्रत्यक्ष टेकले आणि तेथे ओलावा शिरला, तर ॲल्युमिनियम झिजते. म्हणून मध्ये काचतंतूचा थर देतात.

निगेचा विचार हवामान सोडून करता येत नाही. खारघर-पनवेलच्या पट्ट्यात एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास डोंगर, आणि जून ते सप्टेंबर सतत पाऊस. उदाहरणातील पात्याचे टोक ताशी ८०० किलोमीटरहून अधिक गतीने पावसाच्या थेंबांवर आदळते. त्यामुळे पुढची कड प्रथम झिजते. तिच्यावर धातूची पट्टी अथवा चिवट आवरण असावे लागते. रंग उडालेल्या जागेतून ओलावा आत शिरला, तर पात्याचे वजन बदलते आणि राळेची उष्णता सोसण्याची शक्ती घटते. काळे पाते उन्हात तापत ठेवणे ह्याच कारणाने अयोग्य होय. तुंबा लाकडी असेल, तर ऋतू बदलताना त्याच्या बोल्टांचा ताण पुन्हा तपासावा लागतो.

संमिश्राचा खरा धोका असा, की वरून अखंड दिसणाऱ्या पात्यात थर सुटलेले असू शकतात. त्याची प्राथमिक परीक्षा कानाने होते. बाजारात मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहतात. तसेच नाण्याने पात्यावर ठोकीत जावे. स्वच्छ, खणखणीत नाद निरोगी जागेचा, आणि बद्द आवाज सुटलेल्या थराचा. मात्र मुळाच्या आतील दोष ह्या परीक्षेत निसटू शकतो. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींची तपासणी लागते. दुरुस्तीनंतर समतोल पुन्हा साधावा, आणि सर्व टोके एकाच पातळीतून फिरतात की नाही ते पाहावे.

रंगाचा पोपडा वा कडेचा बारीक खळगा उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार भरता येतो. कण्यातील तुटलेला तंतू, मुळाजवळची भेग किंवा जमिनीस आपटलेले पाते ह्यांना हा नियम लागू नाही. असा प्रॉपेलर तत्काळ सेवेतून काढून जाणकार कार्यशाळेकडे पाठविला पाहिजे. बाहेरून तो धडधाकट दिसतो, हे त्याच्या बाजूचे प्रमाण मानता येणार नाही. कारण अडीच टनांची ओढ सोसणारे तंतू डोळ्यांस दिसत नाहीत.