भर समुद्रात सुटू नये असा जोड

पावसाळ्यात रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर गेलायत कधी? जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला लागतात. मासळीची गडबड थांबते आणि वेल्डिंग वर्कशॉपचा सीझन सुरू होतो. बोट लाकडाची असो वा फायबरची, तिचं सुकाणू, शाफ्ट आणि जाळं ओढणारं विंच धातूचंच. वर्षभर खारं पाणी खाऊन हे सगळं वेल्डरच्या पुढ्यात येतं.

आपल्याला वाटतं, ठिणग्या उडाल्या की झालं वेल्डिंग! पण खरं काम आधी असतं. गंज, रंग, ग्रीस घासून लोखंड चकचकीत करायचं. रॉड कोरडा ठेवायचा. ७०१८ सारख्या लो-हायड्रोजन रॉडने दमट हवेतला ओलावा शोषला, तर जोडाला आतून तडा जाऊ शकतो. कोकणातल्या पावसात हे सांभाळणं म्हणजे परीक्षाच.

वेल्ड झाल्यावर वर खपलीसारखा स्लॅग धरतो. तो हातोडीने ठोकून, तारेच्या ब्रशने साफ करून मगच पुढचा थर द्यायचा. घाई केली तर स्लॅग आतच अडकतो. वरून जोड मस्त दिसतो, आतून मात्र कच्चा. आणि विंचचा जोड किनाऱ्यावर सुटत नाही. सुटतो तो भर समुद्रात, जाळं भरलेलं आणि आजूबाजूला खलाशी उभे असताना.

धोका वेल्डरलाही आहेच. काचेशिवाय आर्ककडे बघितलं तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. डिझेलची रिकामी टाकी तर आणखी डेंजर! तेल संपलं तरी वाफ आत असते. टाकी नीट साफ करून हवा खेळवल्याशिवाय जाणता कारागीर तिला रॉड लावत नाही. मालक कितीही घाई करो, 'आज नाही' म्हणता येणं हेही स्किलच.

तुम्हालाही हे शिकायचंय? आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पासवरही प्रवेश मिळतो. जिथे 'कलवरी' वर्गाच्या पाणबुड्या बांधल्या गेल्या, त्या मुंबईच्या माझगाव डॉकच्या अप्रेंटिस भरतीतही वेल्डरचा ट्रेड असतो. तेव्हा 'अभ्यासात नाही जमलं म्हणून वेल्डिंग' असं कुणी म्हणालं, तर त्याला एकदा बंदरावर घेऊन जा. तिथल्या जोडांवर माणसं जीव टाकून समुद्रात जातात.