घसाऱ्याचा हिशेब आणि विजेची गाडी

बारामती तालुक्यातल्या सांगवीत खताचे दुकान किंवा दूधसंकलन चालवणाऱ्याने धंद्यासाठी गाडी घेताना आधी घसारा पाहावा. आयकरात साध्या मोटारीवर वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो, विजेच्या गाडीवर 40 टक्के. 12 लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी 1 लाख 80 हजारांऐवजी 4 लाख 80 हजार रुपये नफ्यातून वजा होतात. त्या वर्षात वापर 180 दिवसांहून कमी असेल तर निम्मेच.

यावर आक्षेप असा की, एकूण घसारा अखेर गाडीच्या किमतीएवढाच, कर फक्त पुढे ढकलला जातो. खरे आहे. पण कर्जाचे ओझे जड असते ते सुरुवातीलाच, आणि तेव्हा हातात राहिलेला पैसा व्याज वाचवतो. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. उलाढालीच्या 8 किंवा 6 टक्के नफा गृहीत धरून कर भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला घसारा वेगळा दाखवता येत नाही. माळेगाव कारखान्याला घातलेल्या उसाचे पैसे तर शेतीउत्पन्न म्हणून करमुक्तच, तिथे वजावटीचा प्रश्नच येत नाही. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखांची खास वजावटही 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. विक्रेता अजून ती सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. आणि हिशेबाच्या वह्या नीट ठेवणाऱ्यालाही लग्नकार्याला, देवदर्शनाला गाडी फिरली त्याचा वाटा वगळावाच लागतो.