पिकाचें छायाचित्र : लहान डिजिटल कॅमेऱ्याची निवड व उपयोग

भाद्रपदाच्या अखेरीस आर्वीजवळील आमच्या शेतांत पऱ्हाटीचीं पानें लाल पडूं लागलीं. हें लाल पडणें सर्वांच्या परिचयाचें आहे; परंतु त्याचें कारण नेहमीं एकच नसतें. तुडतुड्यांनीं रस शोषिला असतां पानाची कड खालीं वळते व कडेपासून पिवळेपणा, मग लाली आंत सरकते. मॅग्नेशियम कमी पडलें असतां शिरा हिरव्या राहून शिरांमधला भाग लाल होतो, आणि हें आधीं खालच्या जुन्या पानांवर दिसतें. पहिल्याचा उपाय किडीवर, तर दुसऱ्याचा खतांत आहे. आम्हीं सायंकाळीं मोबाइलवर एक चित्र काढलें व कापसाच्या एका जाणत्या गृहस्थांकडे पाठविलें. त्यांचें उत्तर आलें, “आपल्या चित्रांत धुऱ्यावरचें गवतही लाल दिसत आहे. पानाची खालची बाजू नाहीं, शिराही दिसत नाहींत. यावरून मी काय सांगावें?” मावळतीच्या उन्हानें सगळेंच शेत लाल करून ठेवलें होतें. दुसरें चित्र पाठवून उत्तर येईपर्यंत पांच दिवस गेले, आणि तेवढ्यांत शेजाऱ्याच्या सांगण्यावरून एक फवारणी होऊन गेली. ती व्यर्थ गेली, कारण शेतांत तुडतुडे नव्हतेच.

व्यर्थ फवारणींत केवळ पैसा जातो असें नाहीं. सन २०१७ च्या पावसाळ्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें आपण विसरलों नाहीं. म्हणून रोगाची किंवा किडीची ओळख आधीं पटावी, औषध मागाहून आणावें, हा नियम आहे. ओळख पटविणारा माणूस नागपुरास किंवा अकोल्यास असला तर त्याच्यापुढें आपलें शेत नेण्याचें साधन म्हणजे छायाचित्र. तें कोणत्या कॅमेऱ्यानें व कसें काढावें, याचा विचार या लेखांत केला आहे.

मोबाइल असतां कॅमेरा कशाला?

हा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो योग्यच आहे. कांहीं कामें मोबाइलवरच होतात. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी ही मोबाइलच्या अ‍ॅपमधूनच करावयाची असते. शेतांत उभें राहून अ‍ॅपनेंच चित्र घ्यावें लागतें, कारण त्याबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. तेथें निराळ्या कॅमेऱ्यानें काढलेलें चित्र चालत नाहीं. पीक विम्याचे नियम तर वेळोवेळीं बदलतात. त्या त्या हंगामाचे नियम पाहूनच वागावें.

परंतु चांगला मोबाइल घरांत बहुधा एकच असतो, आणि तो मुलाबरोबर गांवाला जातो. साध्या मोबाइलला अगदीं जवळच्या वस्तूवर नेम धरतां येत नाहीं. मावा, फुलकिडे, पांढरी माशी यांचें चित्र धूसर येतें. खिशांत मावणारा लहान कॅमेरा या कामीं अधिक उपयोगी पडतो, तो घरच्या किंवा संघाच्या कोणाच्याही हातीं देतां येतो, आणि त्यांतील चित्रें एके ठिकाणीं राहतात. ज्यांच्याजवळ उत्तम मोबाइल आहे त्यांनीं कॅमेरा घेऊं नये. पण चित्र कसें काढावें याविषयीं पुढें जें सांगितलें आहे तें त्यांनाही तंतोतंत लागू आहे.

डिजिटल कॅमेऱ्याची रचना

जुन्या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेला प्रकाश फिल्मवर पडे. डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं सेन्सर नांवाची लहानशी चकती असते. तिच्यावर प्रकाश टिपणारे असंख्य सूक्ष्म कण ओळीनें मांडलेले असतात. प्रत्येक कणावर किती प्रकाश पडला याचा आंकडा होतो व त्या आंकड्यांतून चित्र बनतें. या कणांस पिक्सेल म्हणतात. सन १९७५ मध्यें अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनींतील अभियंता स्टीव्हन सॅसन यानें असा पहिला कॅमेरा जुळविला, तेव्हां त्यांत अवघे १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० पिक्सेल होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज साध्या कॅमेऱ्यांतही एक कोटीहून अधिक पिक्सेल असतात.

सन २०१० मध्यें जगांत सुमारें १२ कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीस बाहेर पडले. पुढें मोबाइलचे कॅमेरे सुधारले आणि सन २०२१ मध्यें हा आंकडा एक कोटीच्याही खालीं आला. यामुळें आज दुकानांत नवीन लहान कॅमेरे थोडे आहेत, पण वापरलेले, सुस्थितींतील कॅमेरे स्वस्तांत मिळूं शकतात. आपणांस निवड करावयाची आहे ती बहुधा यांतूनच.

निवड करतांना काय पाहावें

(१) पिक्सेलच्या आंकड्याला भुलूं नये. दुकानदार प्रथम हाच आंकडा सांगतो. सहा इंच लांब व चार इंच रुंद असें चित्र छापावयाचें झाल्यास दर इंचास ३०० बिंदू धरून १,८०० गुणिले १,२००, म्हणजे सुमारें २२ लाख पिक्सेल पुरतात. १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलच्या चित्रांतील एखादा कोपरा कापून मोठा केला तरीही तें काम देतें. यापुढील आंकड्यासाठीं जादा पैसे देण्याचें कारण नाहीं.

(२) सेन्सरचें आकारमान पाहावें. बहुतेक लहान कॅमेऱ्यांतील सेन्सर सुमारें ६.२ मिलिमीटर लांब व ४.६ मिलिमीटर रुंद असतो. “एक इंची” म्हणून विकला जाणारा सेन्सर नांवाप्रमाणें एक इंच नसून १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर असतो. तथापि त्याचें क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट होतें. मोठा सेन्सर मंद प्रकाशांत, गोठ्यांत किंवा सायंकाळीं, अधिक स्वच्छ चित्र देतो. पण त्याची किंमतही अधिक असते. दिवसाउजेडीं किडीचें चित्र घेण्यास लहान सेन्सर कमी पडत नाहीं. उलट त्यांत किड्याचें डोकें व शेपूट दोन्ही एकाच वेळीं स्पष्ट येणें सोपें जातें.

(३) जवळून नेम किती अंतरावर लागतो हें पाहावें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें हाच मुख्य गुण होय. कॅमेऱ्यावर फुलाचें चिन्ह असतें, त्यास मॅक्रो म्हणतात. दुकानांतच हें चिन्ह लावून गव्हाच्या दाण्याचें किंवा छापील अक्षराचें चित्र काढून पाहावें. ऑलिंपसच्या टफ मालिकेंतील टीजी-६ हा सन २०१९ चा कॅमेरा भिंगापासून एक सेंटिमीटरवरील वस्तूही टिपतो व पाणी आणि धूळ आंत जाऊं देत नाहीं. सर्वांनीं तोच घ्यावा असें नव्हे. कोणते गुण पाहावे हें ध्यानीं यावें म्हणून नांव दिलें आहे.

(४) झूम दोन प्रकारचा असतो. भिंगें मागेंपुढें सरकून वस्तु मोठी दिसते तो ऑप्टिकल झूम खरा. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला भाग कापून मोठा करणें. तें घरींही करतां येतें. हा दुसरा झूम बंदच ठेवावा.

(५) जुना कॅमेरा घेतांना बॅटरी व कार्ड तपासावें. त्या जातीची बॅटरी आज मिळते काय, हें आधीं विचारावें. एसडी कार्ड सर्वत्र मिळतें. एक्सडी जातीचीं कार्डें मात्र निघेनाशीं झालीं आहेत. सन २००६ पूर्वींचे कित्येक कॅमेरे २ जीबीहून मोठें एसडी कार्ड वाचीत नाहींत. भिंग उजेडाकडे धरून आंत बुरशीचे कोळिष्टकासारखे तंतु नाहींत ना, तेंही पाहावें.

चित्र कसें काढावें

एक चित्र कधींही पुरत नाहीं, पांच काढावीं. पहिलें धुऱ्यावरून सर्व शेताचें, म्हणजे रोग चौफेर आहे कीं एखाद्या पाणथळ जागेपुरता आहे हें कळतें. दुसरें एका झाडाचें, बुडापासून शेंड्यापर्यंत. लक्षण जुन्या पानांवर आहे कीं नव्या, हें यावरून समजतें. तिसरें पानाच्या वरच्या बाजूचें, चौथें खालच्या बाजूचें. कारण तुडतुडे व पांढरी माशी खालीं दडतात. पांचवें शेजारच्या निरोगी झाडाच्या पानाचें, तुलनेकरितां.

वेळ सकाळची, सूर्य थोडा वर आल्यावरची घ्यावी. भर दुपारच्या उन्हांत पान चकाकतें व त्यावरील डाग लपतात. अशा वेळीं पानावर स्वतःची सावली धरावी. प्रकाशाप्रमाणें रंग बदलतो. सायंकाळीं तो लालसर होतो, झाडाच्या सावलींत निळसर होतो. यावर उपाय सोपा आहे. पानाशेजारीं कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. तो चित्रांत लाल दिसला तर लाली प्रकाशाची आहे, हें पाहणाऱ्यास तत्काळ कळतें. आमच्या पहिल्या चित्रांत एवढा कागद असता तर पांच दिवस वांचले असते.

माप दाखविण्यास लोक रुपया ठेवतात. पण रुपयाचीं नाणीं निरनिराळ्या आकारांचीं निघालीं आहेत. मिलिमीटरच्या खुणांची शाळकरी फूटपट्टी ठेवावी.

मॅक्रो लावल्यावर झूम करूं नये. बहुतेक लहान कॅमेऱ्यांत झूम केला कीं जवळचा नेम सुटतो. बटण अर्धें दाबून थांबावें, नेम लागल्याची हिरवी खूण दिसली कीं मग पुरें दाबावें. पान भिंगासमोर सपाट धरावें, तिरकें धरल्यास अर्धेंच स्पष्ट येतें. वारा असल्यास दुसऱ्यानें डहाळी धरावी. कोपर छातीशीं टेकवावे. हात कापत असल्यास कॅमेरा पोत्यावर किंवा डव्याच्या दांडीवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. जवळून फ्लॅश टाळावा, त्यानें पान पांढरें पडतें.

गुलाबी बोंडअळीचें उदाहरण घेऊं. सन २०१७ च्या हंगामांत तिनें विदर्भांत मोठी हानि केली. ती हिरव्या बोंडांत शिरल्यावर छिद्र बुजतें, म्हणून बोंडाचें बाहेरून घेतलेलें चित्र कांहींच सांगत नाहीं. एकरीं २० हिरवीं बोंडें निरनिराळ्या झाडांवरून तोडावीं, फोडावीं व पांढऱ्या कागदावर ओळीनें मांडून एकच चित्र घ्यावें. त्यांपैकीं दोन बोंडांत जिवंत अळी आढळली तर प्रमाण शेंकडा दहा झालें व उपायाची वेळ आली असें समजतात. तसेंच फुलांत डोमकळी दिसल्यास ती न उघडतां एक, आणि पाकळ्या उघडून एक, अशीं दोन चित्रें घ्यावीं.

तारीख, पाठवणी व निगा

कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर तारीख व वेळ नोंदतो. परंतु बॅटरी फार दिवस काढून ठेवल्यास त्याचें घड्याळ चुकतें. म्हणून चित्रें काढण्यापूर्वीं तारीख तपासावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधें चित्र पाठविल्यास तें लहान होतें व बारकावा जातो; तें डॉक्युमेंट म्हणून पाठवावें. सोबत वाण, पेरणीची तारीख, दिलेलीं खतें, झालेल्या फवारण्या व शेवटचा पाऊस हें चार ओळींत लिहावें. सेलसुऱ्याचें कृषि विज्ञान केंद्र, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, संत्र्याकरितां तेथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यांच्याकडे सल्ला मागतांना अशीं चित्रें व असा मजकूर जवळ असावा.

औषधाचे हात कॅमेऱ्यास लावूं नयेत. चित्रें फवारणीपूर्वींच घ्यावीं. काळ्या मातीची धूळ व कापसाचे तंतु भिंगाच्या नळींत शिरतात, म्हणून काम होतांच कॅमेरा बंद करून पिशवींत घालावा. भिंग धोतराच्या सोग्यानें पुसूं नये. प्रथम धूळ उडवावी, मग मऊ स्वच्छ फडक्यानें हलक्या हातानें पुसावें. पावसाळ्यांत घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवल्यास बुरशी धरत नाहीं. वैशाखाच्या उन्हांत तो मोटारींत ठेवूं नये.

शेवटीं एक सूचना. प्रत्येकानें कॅमेरा घ्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. आठ-दहा शेतकऱ्यांनीं मिळून एक घ्यावा, एका तरुणानें तो सांभाळावा, आणि दर पंधरवड्यास प्रत्येक शेतांत ठराविक जागेवरून चित्र घेऊन वर्षवार जपून ठेवावें. तीन-चार हंगाम असें झालें म्हणजे कोणत्या वाणानें कोणत्या पावसांत कसा टिकाव धरला हें स्मरणावर अवलंबून राहणार नाहीं. आणि लाल पान दिसतांच औषधाच्या दुकानाकडे धांवण्यापूर्वीं पाहावयास आपल्याजवळ कांहींतरी असेल.