‘मोबाईल’ची भ्रमंती

आमच्या लहानपणी सोलापुरात ‘मोबाईल आली’ अशी आरोळी उठली, की चौकात पत्ते कुटणारी पोरे पळत सुटत. मोबाईल म्हणजे पोलिसांची फिरती गाडी. तेव्हा हा शब्द स्त्रीलिंगी होता. पुढे तो पुल्लिंगी झाला आणि गाडीतून उतरून आपल्या खिशात आला. मी बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्राच्या पोटातले मला फारसे कळत नाही. पण शब्द कूस बदलू लागला, की माझे कान टवकारतात. या शब्दाने तर माझ्या डोळ्यांदेखत कितीदा तरी कूस बदलली.

शब्द मुळात लॅटिन. अर्थ एवढाच, की हलणारा, हलवता येणारा. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मार्टिन कूपर या अभियंत्याने हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला. तो फोन किलोभर वजनाचा होता. त्यामागची युक्ती अशी, की शहराचे मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे करायचे, प्रत्येक कप्प्याला मनोरा द्यायचा, आणि माणूस चालू लागला की एका मनोऱ्याने त्याचे बोलणे पुढच्या मनोऱ्याच्या हवाली करायचे. अमेरिकेने कप्प्यावरून ‘सेल’ म्हटले, जर्मनांनी हातावरून ‘हँडी’, इंग्रजांनी फिरण्यावरून ‘मोबाईल’. मराठीने ‘भ्रमणध्वनी’ घडवला. तो लग्नपत्रिकेत आणि लेटरहेडवरच राहिला. अरबीत एक नाव आहे ‘महमूल’, म्हणजे वाहून नेलेला. आपला ‘हमाल’ त्याच धातूचा.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना फोन केला आणि मोबाईल सुरू झाला. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. मोबाईल ही मिरवण्याची वस्तू होती, म्हणून कंपन्यांनी तो शब्दच नावात घेतला. मुंबईत बीपीएल मोबाईल होती, पुढे रिलायन्स इंडिया मोबाईल आली. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि भाजीवालीच्या टोपलीतही फोन वाजू लागला. जे सगळ्यांकडे असते, ते मिरवता येत नाही. ऑरेंज, हच, आयडिया अशी नावे तर आधीच बाजारात आली होती. एक रंग, एक कल्पना. यंत्राचा उल्लेखच नाही. २०१६ मध्ये तर थेट ‘जिओ’ आले. आता फोन विकायचा नव्हता, जगणे विकायचे होते.

दरम्यान संगणकवाल्यांनी शब्दाला आणखी एक अर्थ दिला. २०१० मध्ये बार्सिलोनाच्या मेळाव्यात गूगलचे प्रमुख एरिक श्मिट यांनी ‘आधी मोबाईल’ हे धोरण सांगितले. म्हणजे आधी लहान पडद्याचा विचार करा, मोठा पडदा मागाहून. फिरण्याचा संबंध तिथेच सुटू लागला. घरात गादीवर लोळत पाहिले तरी ते ‘मोबाईल’च!

आणि मग आला आजचा अर्थ. २०१४-१५च्या आर्थिक पाहणीत सरकारने जनधन, आधार आणि मोबाईल अशी त्रयी मांडली. बँकेत खाते, आधारचा क्रमांक आणि मोबाईल, यांची सांगड घालून मदत थेट माणसापर्यंत पोचवायची. तेव्हापासून मोबाईल म्हणजे तुमचा नंबर, आणि नंबर म्हणजे जवळजवळ तुम्हीच.

हे ‘जवळजवळ’ किती अवघड आहे, ते मला शेजारच्या खालांबरोबर बँकेत गेलो तेव्हा कळले. खाला सत्तरीच्या पुढच्या. त्यांचे महिन्याचे पैसे अडकले होते. खिडकीतला तरुण अदबीने म्हणाला, “मावशी, मोबाईल आहे ना?” खालांनी पिशवीतून बटणांचा फोन काढून पुढे ठेवला.

“हा नाही हो, खात्याला जोडलेला.”

खाला माझ्याकडे बघू लागल्या. खात्याला जोडलेला नंबर मुलाचा होता. मुलगा कामासाठी सौदीला गेला, सिम घरात पडून राहिले, रिचार्ज कुणी केला नाही. सलग ९० दिवस वापर नसला की सिम बंद होऊ शकते, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग ओटीपी जाणार त्या अनोळखी माणसाकडे.

काम झाले, पण तीन हेलपाट्यांनंतर. पायऱ्या उतरताना खाला म्हणाल्या, “बेटा, पासबुकावर माझं नाव आहे, फोटो आहे, मी स्वतः समोर उभी आहे. तरी मी कोण, ते नंबरालाच विचारायचं?”

मला उत्तर देता आले नाही. जो शब्द ‘हलणारा’ म्हणून जन्मला, तो आज आपला सर्वांत पक्का पत्ता झाला आहे. घर बदलते, गाव बदलते, २०११पासून कंपनीही बदलता येते. नंबर मात्र तोच. सोय मोठी आहे, ती मी नाकारत नाही. माझेही पैसे त्याच वाटेने येतात. पण ज्याच्या घरात एकच फोन आहे आणि तोही मुलाच्या खिशात, त्याच्या दारात ही सोय अडून बसते. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खात्याला त्याचाच नंबर जोडा, तो चालू ठेवा आणि बदललात तर आधी बँकेत कळवा. ‘महमूल’ आपण वाहून न्यायचा असतो. त्याने आपल्यालाच हमाल करू नये.

खालांचा नवा नंबर आता त्यांच्याच नावावर आहे. पासबुकाच्या मागच्या पानावर मी तो मोठ्या अक्षरांत लिहून दिला आहे.