दवण्याला हवी जयणा

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या कुटुंबांच्या गच्चीवर तुळस, मोगरा आणि गवती चहा हमखास आढळतात. दवणा मात्र क्वचितच टिकतो. हौसेने आणलेले रोप पहिल्या पावसात कुजते आणि 'आपल्या हाताला दवणा लागत नाही' असा समज घरात रुजतो. वस्तुतः दोष हाताचा नसतो, ऋतूचा असतो.

दवणा, संस्कृतातील दमनक, हा आर्टेमिसिया प्रजातीतला. त्याचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. रुपेरी छटेची, बारीक चिरलेली पाने आणि इवलीशी पिवळी फुले ही त्याची ओळख. त्याचे तेल अत्तरांत वापरले जाते. कोल्हापूरजवळ ज्योतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत दवणा वाहतात. त्याच्या दोनच दिवस आधी, चैत्र शुद्ध त्रयोदशीला, भगवान महावीरांचे जन्मकल्याणक येते. घरचा दवणा त्या सुमारास दरवळावा, असे वाटत असेल तर तयारी दिवाळीनंतरच करावी लागते.

दवणा एका हंगामाचे झाड आहे. त्याला कोरडी थंडी मानवते. किनाऱ्यावरचा मुसळधार पाऊस मुळीच सोसत नाही. म्हणून नोव्हेंबरमध्ये बी पेरावे. बी अतिशय बारीक असते आणि जुने झाले की उगवत नाही. दरवर्षी ताजेच घ्यावे. ते रेतीत मिसळून भुसभुशीत मातीवर पसरावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. साधारण दीड महिन्याने रोपे कुंडीत लावावीत. दोन भाग लाल माती, एक भाग रेती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण पुरते. कुंडीच्या तळाला भोक असणे अत्यावश्यक आहे. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळावे. तारापूर-चिंचणीसारख्या समुद्रालगतच्या घरांत खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा द्यावा.

या झाडाची निगा राखताना श्रावकाच्या घरी जयणेचा विचार स्वाभाविकच येतो. पाणी गाळून, सकाळी, बुंध्याशी आणि वरची माती सुकल्यावरच द्यावे. रोपांत अंतर ठेवले की हवा खेळती राहते आणि मावा सहसा माजत नाही. औषध फवारण्याची वेळच येत नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. त्यात डासांची अंडी पडतात आणि आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. नंतर डास मारण्यापेक्षा त्यांची उत्पत्तीच होऊ न देणे हे अहिंसेला अधिक धरून आहे. सुगंधासाठीही रोप उपटू नये. लागतील तेवढेच शेंडे खुडावेत.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. कुंडीत दवणा आहे म्हणून डास दूर राहतील, या भरवशावर राहू नये. पान चुरगळले तरच त्याचा वास खऱ्या अर्थाने मोकळा होतो. शिवाय चीनच्या तू यूयू यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाच्या शोधासाठी. ते द्रव्य आर्टेमिसिया ॲनुआ या वेगळ्या वनस्पतीतले आहे. नावाच्या साम्यावरून दवण्याचा काढा तापात देणे धोक्याचे ठरू शकते. पानांचा चहा किंवा काढा हा हिवतापावरचा उपचार म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही मान्य करत नाही. पालघरसारख्या जिल्ह्यात थंडी वाजून ताप आला, तर प्रथम रक्ततपासणी करून डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

चैत्र सरता दवणा बी धरून वाळतो. ते अपयश नव्हे, त्याचे आयुष्यच तेवढे आहे. वाळलेले शेंडे सुती पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवले तर गंध पुढे बराच काळ राहतो. पिकलेले बी कोरड्या डबीत जपावे. पाऊस सरून हवा कोरडी झाली की तीच डबी पुन्हा उघडावी.