नाकतोड्यांचा महिना

कंपाला, नोव्हेंबरअखेर

पत्राला उशीर झाला, कारण गेले पंधरा दिवस आमच्या ऑफिसात कोणाचं कामात लक्ष नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लालबागमध्ये कोणाचं असतं? इथे वाट पाहायची ती नाकतोड्यांची. लुगांडा भाषेत त्यांना ‘न्सेनेने’ म्हणतात आणि नोव्हेंबर महिन्याचं नावच मुळी ‘मुसेनेने’ आहे. पाऊस ओसरायला लागला की एखाद्या रात्री रस्त्यावरच्या दिव्यांभोवती हिरवी-तपकिरी भिरभिर सुरू होते. सकाळपर्यंत बातमी शहरभर झालेली असते.

माझं लहानपण गिरणी संपानंतरच्या लालबागमधलं. 1982 साली गिरण्या थांबल्या त्या बहुतेक पुन्हा धड चालल्याच नाहीत. पावसाळ्यात त्यांच्या आवारात कमरेएवढं गवत माजायचं. भिंतीच्या भगदाडातून आत शिरून आम्ही नाकतोडे धरायचो, काडेपेटीत कोंडायचो आणि वर्गात पुढच्या बाकावरच्याच्या कॉलरमध्ये सोडायचो. नाकतोड्याचा याहून वेगळा उपयोग असेल असं कधी मनात आलं नाही.

आधी एक घोळ निस्तरतो. मी इथे नाकतोडे खातो असं घरी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून प्रश्न आला, “म्हणजे ते नागपूरकडे आले होते ते टोळ?” नव्हे. 2020च्या मे महिन्यात विदर्भात उतरले ते वाळवंटी टोळ. त्याच वर्षी फेब्रुवारीत युगांडाच्या ईशान्येला कारामोजा भागातही ते आले होते आणि सरकारने फवारणीसाठी सैनिक पाठवले होते. न्सेनेनेही थव्याने येतो, पण त्याच्या नावाने कोणी शेतकरी बोटं मोडत नाही. त्याच्या मिशा अंगापेक्षा लांब असतात, आणि नातं लावायचंच तर तो टोळापेक्षा रातकिड्याला जवळचा. टोळ आला की फवारणीचे पंप निघतात, न्सेनेने आला की कढया.

मसाका हे या धंद्याचं मोठं केंद्र, कंपालाहून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. वाटेत कायाब्वेला विषुववृत्त ओलांडावं लागतं, तिथे रस्त्याच्या कडेला गोल कमानीत उभं राहून फोटो काढायची पद्धत आहे. तो उरकून आम्ही रात्री पोचलो. गावाबाहेर माळावर, इमारतींच्या गच्च्यांवर, जिथे तिथे पांढऱ्या प्रकाशाचे लोट. प्रत्येक दिव्याभोवती उभे-तिरके लावलेले गुळगुळीत पत्रे आणि पत्र्यांच्या पायथ्याशी डांबराच्या पिंपासारखी मोठी पिंपं. खाली ओलं गवत पेटवून धूर केलेला. प्रकाशाला भुलून न्सेनेने झेपावतो, धुराने गुंगतो, पत्र्यावर आपटतो आणि घसरत पिंपात जातो. तडतड तडतड असा आवाज, चाळीच्या पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. पोरं रात्रभर तिथेच. दिवे इतके प्रखर की त्यांचे डोळे लालबुंद झालेले, हातांची कातडी सोललेली. विजेचं बिल भरमसाट, आणि थवा आलाच नाही तर सगळा खर्च अंगावर. गेल्या काही वर्षांत तसं वारंवार होतं. जंगलं तुटली, पाणथळ जागा बुजवल्या, म्हणून थवे आटले, असं तिथला जो तो सांगतो. त्या पोरांकडे पाहून मला रात्रपाळी करून आलेले गिरणीतले काका आठवले. फक्त यांच्या केसांत कापूस नव्हता, पंख होते.

सकाळी मालाची पोती कंपालात येतात. नाकासेरो बाजाराच्या पदपथावर बायका आणि मुलं पोती पालथी घालून पाय आणि पंख तोडत बसतात. काम किचकट, म्हणून न साफ केलेल्या मालाचा एक भाव, साफ केलेल्याचा दुसरा, तळलेल्याचा तिसरा. माप म्हणजे प्लास्टिकचा मग. आपल्या चिवडा गल्लीतला माणूस मापाच्या वर शेवटी एक चिमूट टाकतो, तशी चिमूट इथलीही बाई टाकते. बाजारात हा माल मांसाहून स्वस्त असेलच असं नाही. किडे खाणं म्हणजे उपासमारीची निशाणी, हा आपला समज पहिल्या मगातच उतरतो.

माझी घरमालकीण, जिला मी ‘न्याबो’ म्हणतो आणि जी मला ‘मुयिंदी’, म्हणजे भारतीय माणूस म्हणते, तिने पहिल्या वर्षी वाटीभर आणून दिले. मी पोट बिघडल्याची थाप मारली. ती काही बोलली नाही, पण वाटी परत नेताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. आमच्या लालबागच्या चाळीच्या जागी टॉवर झाला तेव्हा शेजारच्या घरातून निरोप आला होता की आमच्या सुकटीच्या वासाचा त्रास होतो. आई त्यानंतर सुकट भाजताना खिडकी लावून घ्यायला लागली. नाक मुरडलेलं कसं दिसतं हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि मी तेच करून बसलो होतो. दुसऱ्या वर्षी मीच मग घेऊन न्याबोच्या स्वयंपाकघरात गेलो.

कृती सोपी. साफ केलेले न्सेनेने धुवून आधी उकळायचे, पाणी आटलं की कांदा आणि मीठ घालून परतायचे. तेल घालावं लागत नाही, त्यांच्याच अंगचं सुटतं. मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत हलवत राहायचं. चव? भाजलेला जवळा आणि खारे दाणे एकत्र चावावेत तशी. मी त्यावर घरून आणलेला मालवणी मसाला भुरभुरला. न्याबोने दोन दाणे तोंडात टाकले आणि मसाल्याची पुडी स्वतःच्या फडताळात ठेवली. जवळ्याशी साम्य नुसतं चवीचं नाही. कोळंबी आणि किडे संधिपाद संघातले भाऊबंद आहेत, त्यामुळे कोळंबीने ज्यांच्या अंगावर गांधी उठतात त्यांनी हे खाऊ नये.

इथेही सगळेच खातात असं नाही. बुगांडात कुळं आहेत आणि प्रत्येक कुळाचं एक ‘मुझिरो’. माझ्या ऑफिसातला एकजण न्सेनेने कुळाचा. हंगामात सगळे मग घेऊन बसले की हा बिचारा चहा पीत राहतो, कारण ज्याचं नाव लावायचं ते खायचं नाही. एका कुळात लग्नही होत नाही. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे याला देवक म्हणतात, आमचं कळंब आहे. त्याला फार आनंद झाला. कळंब खायचा मोह होत नाही, एवढा फरक मी त्याला सांगितला नाही. पूर्वी बायकांनाही न्सेनेने वर्ज्य होते. गोळा त्यांनीच करायचे, नवऱ्याला द्यायचे, बदल्यात नवी ‘गोमेसी’, म्हणजे इथला ठेवणीतला झगा, मिळायचा. खाल्ले तर मूल नाकतोड्याच्या डोक्याचं होतं, अशी भीती घातलेली. नियम कोणी केला असेल हे सांगायला नको. आता बायका नवऱ्यादेखत मग रिकामा करतात.

2021च्या नोव्हेंबरमध्ये एन्टेब्बेहून दुबईला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने पिशवी उघडून न्सेनेने विकायला काढले आणि लोकांनी जागेवरून उठून घेतले. चित्रफीत जगभर फिरली, माणसाला अटक झाली, पण विमान कंपनीने हा पदार्थ आपल्या खाद्ययादीत घेण्याचा विचार करू असंही जाहीर केलं. त्याच महिन्यात युरोपीय संघाने टोळाला अन्न म्हणून परवानगी दिली. मेक्सिकोत ओआहाकाच्या बाजारात लसूण-लिंबू लावलेले चापुलिनेस ढिगाने विकतात, जपानच्या नागानोत सोया आणि साखरेत शिजवलेले इनागो मिळतात. आणि लांब कशाला, आपल्या गडचिरोलीतल्या माडिया घरात लाल मुंग्यांची चटणी होते. लालबागमधून तिथवर कोणी जात नाही, म्हणून आपल्याला ओआहाका आधी कळतं.

मला खटकतं ते वेगळंच. कंपालात दर नाक्यावर ‘रोलेक्स’ मिळतो, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. ती चपाती आपली. समोसाही आपलाच. 1972मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तरी चपाती इथेच राहिली. शंभर वर्षांहून अधिक काळ आपली माणसं इथे आहेत, पण त्यांच्यातल्या किती घरांत न्सेनेने शिजले? शाकाहाराचं कारण मी समजू शकतो. पण रविवारी बाजारातून कोळंबी आणणाऱ्यांकडे काय कारण आहे?

हंगाम आता संपत आला. पुढचा मे-जूनमध्ये. तेव्हा कोणी इकडे येणार असेल तर लालबागच्या मसाला गल्लीतून अर्धा किलो मालवणी मसाला आणा, न्याबोची पुडी संपली आहे. सुकट आणायची गरज नाही. व्हिक्टोरिया सरोवरातली ‘मुकेने’ नावाची बारीक सुकी मासळी इथे पोत्याने मिळते, आणि ती भाजताना कोणी खिडकी लावत नाही.