सुरतेची सरकी, थायलंडचा मांगूर

१८२२ साली एकमेकांशी काहीही संबंध नसलेली दोन इंग्रजी पुस्तके निघाली. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टराने गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात आपल्याकडच्या मागूर या माशाची शास्त्रीय नोंद केली. विल्यम बर्चेल हा भटका निसर्गअभ्यासक दक्षिण आफ्रिकेत हिंडून आला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात तिथल्या गारीप नदीतला एक मिशाळ मासा नोंदवला. दोन्ही मासे एकाच कुळातले, म्हणजे चुलतभाऊच. मधे अख्खा हिंदी महासागर असल्याने त्यांची गाठ पडायचे काही कारण नव्हते. पुढे ती माणसाने घालून दिली.

दोघांनाही खवले नाहीत आणि तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आहेत. कल्ल्यांच्या वर झाडासारखा फांद्या फुटलेला एक अवयव असतो. त्याच्या जोरावर हे मासे थेट हवेतून श्वास घेतात, त्यामुळे डबक्यातल्या गढूळ पाण्यातही तग धरतात आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे पाणी गाठतात. फरक आहे तो वाढीचा. आपला देशी मागूर आठ-दहा महिन्यांत जेमतेम १२० ते १५० ग्रॅमचा होतो. आफ्रिकेतला तेवढ्याच काळात किलोच्या घरात जातो. चवीला मात्र देशीच सरस, असे खाणारे सांगतात. चव एकाची आणि वाढ दुसऱ्याची एकाच माशात आणता आली तर, हा मोह इथूनच सुरू होतो.

मोहाला तंत्राची जोड भारतातूनही मिळाली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशाकडून हुकमी अंडी घालून घेतली. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मुंबईत वर्सोव्याला १९६१ साली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था उभी राहिली आणि राज्याराज्यांचे मत्स्य अधिकारी तिथे शिकून जाऊ लागले. कटला, रोहू, मृगळ या कार्प माशांचे मत्स्यजिरे, म्हणजे अगदी कोवळी पिल्ले, हॅचरीत तयार होऊ लागले.

मागुराचे काम त्याहून किचकट. मादीला इंजेक्शन देऊन, ठरावीक तासांनी पोट दाबून अंडी भांड्यात घेता येतात. नराचे वीर्य मात्र असे दाबून निघत नाही. त्याचे पोट फाडायचे, वृषणे काढून बारीक करायची, मिठाच्या पाण्यात कालवून अंड्यांवर ओतायची आणि पिसाने हलवायची. दर खेपेला नराचा जीव जातो. पण एकदा अंडी आणि वीर्य वेगवेगळे हातात आले, की नर त्याच जातीचा हवा असा नियम उरत नाही.

हे पहिल्यांदा बाजारापर्यंत नेले ते थायलंडने. तिथे रुंद डोक्याचा, पिवळसर मांसाचा एक स्थानिक मागूर फार आवडीने खातात, पण तो सावकाश वाढतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याची मादी आणि आफ्रिकन नर यांचा संकर झाला. पोरे बापासारखी झपाट्याने वाढली आणि मांस बऱ्यापैकी आईच्या वळणावर गेले. काही वर्षांतच तिथली तळी या संकराने भरली. अमेरिकेत चॅनेल आणि ब्लू कॅटफिश यांच्या संकराची वाढ १९६६ मध्येच मोजून छापली होती. पण त्या दोन जाती तळ्यात आपणहून जोडी जमवत नाहीत, म्हणून व्यापारी उत्पादनाला तिथे आणखी तीनेक दशके गेली.

संकराच्या या गोष्टीत कापूस पिकवणाऱ्या खानदेशाला नवल वाटू नये. जळगावला खेटून असलेले असोदा, पलीकडचे भादली, सगळा कापसाचा पट्टा. तापी जिथे समुद्राला मिळते त्या सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये हायब्रिड-४ हा कापसाचा जगातला पहिला व्यापारी संकर दिला. त्याचे बियाणेही हातानेच करावे लागे. संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर खुडायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. दरवर्षी नवी सरकी विकत घ्यायची सवय शेतकऱ्याला तिथून लागली. जालन्यात बद्रिनारायण बारवाले यांची महिको त्याआधीच, १९६४ साली, सुरू झालेली होती. याच असोदा-भादलीच्या शिवारात भरिताची वांगी मात्र जुन्या गावरान वाणाची राहिली आणि जळगावच्या त्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

कापसाच्या संकरामागे संशोधन केंद्र होते, चाचण्या होत्या, वाणाला नाव होते, चुकले तर विचारायला कोणीतरी होते. आफ्रिकन मागूर, बाजारातला ‘मांगूर’, आपल्याकडे आला तो यातले काहीच न घेता. थायलंडहून आफ्रिकन मासा बांगलादेशात गेला, तिथून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चोरवाटेने पश्चिम बंगालमध्ये उतरला आणि मत्स्यबीजाच्या व्यापाऱ्यांबरोबर देशभर पसरला. विकताना कोणी त्याला ‘हायब्रिड’ म्हणे, कोणी ‘थाई’. प्रत्यक्षात तळ्यांत बहुतेक ठिकाणी होता तो निखळ आफ्रिकन बाप. म्हणजे थायलंडने ज्या संकरासाठी एवढा खटाटोप केला, तो आपल्याकडे बव्हंशी आलाच नाही.

बाप खादाड. कोंबड्यांच्या दुकानातली आतडी, कत्तलखान्यातला कचरा, लहान मासे, प्रसंगी स्वतःची भावंडेसुद्धा. चारा फुकट आणि मासा चार महिन्यांत डोळ्यांत भरणारा. हिशेब कोणालाही पटण्यासारखा होता. केंद्र सरकारने १९९७ मध्येच या माशाचे साठे नष्ट करायला सांगितले, पण आदेश कागदावर राहिला आणि तळी वाढत गेली. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बडगा उगारल्यावर महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय विभाग हलला. भिवंडीच्या परिसरात आणि उजनी धरणाच्या फुगवट्यालगत इंदापूरकडे तळ्यांवर कारवाया झाल्या, मासे खड्ड्यांत पुरले गेले.

हा मासा तळ्यातून निसटून देशी माशांत मिसळेल, ही भीती पोकळ नव्हती. थायलंडच्या मध्य भागातल्या नैसर्गिक पाण्यांत पकडलेल्या स्थानिक मागुरांची जनुके संशोधकांनी तपासली, तेव्हा २००४ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत आफ्रिकन वाण मिसळल्याचे दिसले. निसटलेला संकर नदीतल्या तिथल्या स्थानिक माशाशी जुळला होता. कापसाच्या शेताला निदान बांध असतो.

तरी मागणी संपलेली नाही. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर राज्यात लहान, प्लास्टिक अंथरलेली तळी पुष्कळ झाली, आणि कमी पाण्यात, कमी प्राणवायूत दाटीने जगणारा मासा अशा ठिकाणी हवाच असतो. ती जागा काही प्रमाणात पंगास भरून काढतो. तोही परकाच, १९९० च्या दशकात बांगलादेशामार्गेच आलेला, पण पुढे नियमांच्या चौकटीत घेतलेला. देशी मागुराचे प्रजनन भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने बसवले आहे. मात्र मादी अंडी थोडी देते आणि नराचा जीव दर खेपेला घ्यावाच लागतो, त्यामुळे बोटुकली, म्हणजे तळ्यात सोडायची बोटभर पिल्ले, महाग पडतात.